सांगितलं होतं, पण कुणाला?

"आजी, चूळ भरायची नाही म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

दाढ काढल्याच्या पाचव्या दिवशी, गालाला हात लावून खुर्चीत बसलेल्या माझ्या एकोणसत्तर वर्षांच्या आईला डॉक्टरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. दुखणं जबड्यातून कानात आणि कानातून कानशिलात चढत होतं. गोळ्यांची पाकिटं संपली होती. "कुठं दुखतंय, आजी?" एवढं विचारायच्या आधी तिच्यावर आरोप झाला. आई गप्प बसली. तिच्या पिढीच्या बायका डॉक्टरांपुढे गप्पच बसतात. घरी येताना रिक्षात म्हणाली, "असेल गं सांगितलं, मीच विसरले असेन." डॉक्टरांच्या प्रश्नाचा आला नव्हता इतका संताप मला त्या वाक्याचा आला.

ती विसरली नव्हती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी तिथेच होते.

सोमवारी संध्याकाळी काय घडलं ते जसंच्या तसं लिहिते. दाढ निघाली. आईचा अर्धा चेहरा इंजेक्शननं बधिर, तोंडात बोळा कोंबलेला, हात थरथरत होते. पुढचा पेशंट दारात येऊन उभा होता. डॉक्टर हातमोजे काढत काहीतरी बोलले, ते आईकडे बघून नव्हे, वॉश बेसिनकडे बघून. मी दाराबाहेरच पैसे भरत होते. मदतनीस मुलीनं गोळ्यांच्या पाकिटाबरोबर एक कागद आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "यात सगळं लिहिलंय." झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला, अकरा ओळींचा कागद. अकराही ओळी इंग्रजीत. माझी आई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली आहे आणि रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. त्या कागदावरची एक ओळही तिला वाचता येणार नव्हती. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. ती माझी चूक आहे आणि ती मी नाकारत नाही. पण ज्यांची लेक सोबत नसते, असली तरी जिला इंग्रजी येत नाही, अशा आयांचं काय होतं, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

घरी येऊन आईनं काय केलं? जे स्वच्छ राहणारी कुठलीही बाई करेल तेच केलं. रक्तानं भरलेलं तोंड घेऊन देवापुढे दिवा कसा लावायचा, म्हणून बोळा काढून टाकला आणि खळखळून चुळा भरल्या. एकदा नाही, चार-पाच वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग गरम चहा घेतला. रात्रभर उशाशी भांडं ठेवून थुंकत राहिली, कारण रक्त गिळू नये असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. सकाळी उठून वाकून अंगण झाडलं. यातली प्रत्येक गोष्ट त्या दिवशी चूक होती आणि यातली प्रत्येक गोष्ट एरवी सद्गुण म्हणून गणली जाते. म्हणूनच सांगायला हवं होतं. निसर्गतः जे सुचतं त्याच्या नेमकं उलट वागायचं असतं, तेव्हा माणसाला ते आपसूक कळत नाही.

आता जे त्या कागदाच्या मागे दडलं होतं ते मराठीत सांगते. दाढ उपटली की जबड्याच्या हाडात मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. काही मिनिटांत तो रक्तानं भरतो आणि ते रक्त गोठतं. ही गुठळी म्हणजे धुऊन काढायची घाण नव्हे. उघड्या पडलेल्या हाडावर शरीरानं स्वतः घातलेलं ते झाकण आहे. तिच्यात फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी असते. त्या जाळीच्या आधारानं नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, आठवडाभरात कोवळं लालसर मांस धरतं, तीन-चार आठवड्यांत वर हिरडी मिटते, आणि आतला खड्डा हाडानं भरून यायला पुढे काही महिने जातात. हे सगळं त्या एका गुठळीवर उभं राहतं. दाढ काढणं हा उपचाराचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग ही गुठळी करते, आणि तिला सांभाळण्याचं काम पेशंटकडे असतं. ज्याच्याकडे अर्धं काम सोपवलं त्याला कामाची माहितीच द्यायची नाही, आणि ते बिघडलं की "सांगितलं होतं ना?" म्हणून त्याला दटावायचं!

ही गुठळी उखडली किंवा वेळेआधी विरघळली की हाड उघडं पडतं. याला दवाखान्यात 'ड्राय सॉकेट' म्हणतात, म्हणजे कोरडा पडलेला खड्डा. क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकी दंतवैद्यानं १८९६ साली त्याचं वर्णन केलं. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं हा त्रास दातांच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. साध्या दाढेत शंभरातल्या एक ते पाच जणांना तो होतो, खालची अक्कलदाढ काढलेल्यांत कितीतरी जास्त जणांना. ओळखायची खूणही सोपी आहे. चांगला भरणारा खड्डा दिवसागणिक कमी दुखतो. कोरडा पडलेला खड्डा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी उलटून जास्त दुखायला लागतो, ठणका कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो, आरशात पाहिलं तर लाल गुठळीच्या जागी करडं हाड दिसतं. नेहमीच्या गोळ्यांना हे दुखणं फारसं दाद देत नाही. आईच्या कानात आम्ही बुधवारी रात्री तेल घातलं. गुरुवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. "तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर परत या" हे एक वाक्य, एकच, कुणी बोललं असतं तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या. कारण शुक्रवारी त्याच डॉक्टरांनी खड्डा सलाइननं धुतला, आत औषधाची पट्टी ठेवली, आणि तासाभरात आई खुर्चीवर बसल्या बसल्या झोपी गेली. दहा मिनिटांचं काम होतं.

चुळा भरल्यामुळेच हे झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. सगळं पाळूनही काहींना होतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत जास्त आढळतं, आणि तरीही दाढ काढण्याआधी किती दवाखान्यांत तरुण मुलीला ते विचारलं जातं? पण ज्या डॉक्टरांनी चुळांचं कारण पुढे करून आईला दोषी ठरवलं, त्यांनी ती सूचना तिच्यापर्यंत पोचली का हे आधी बघायला हवं होतं.

मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा असल्याचा कायदा १९६४ सालचा. ऑक्टोबर २०२४मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. आणि दाढ काढल्यावर तोंडाची काळजी कशी घ्यायची हे सांगणारी एक पानभर मराठी आमच्या तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात सापडत नाही. त्याच दवाखान्याची पाटी मराठीत आहे. दर मराठीत आहेत. 'कृपया चपला बाहेर काढा' तर ठळक मराठीत आहे. पेशंटकडून जे हवं ते मराठीत, पेशंटला जे द्यायचं ते इंग्रजीत. आईनं सही केली तो संमतीचा कागदही इंग्रजीतच होता. संमती खरी ठरायची तर पेशंटला आधी पुरेशी माहिती मिळालेली हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्याच्या निकालात स्पष्ट केलं आहे. न वाचता येणाऱ्या कागदावरची सही म्हणजे माहिती देणं नव्हे.

"वेळ नसतो हो," असं माझ्या ओळखीतल्या एका दंतवैद्यबाईंनी मला सांगितलं. मी घड्याळ लावून पाहिलं. जे सांगायचं ते सगळं सावकाश, दोनदा सांगायला चार मिनिटं लागतात. पण सांगायचं असतं ते इंजेक्शनच्या आधी, दाढ काढल्यानंतर नव्हे. घाबरलेल्या, बधिर तोंडाच्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी काही शिरत नाही. आणि सोबतच्या माणसाला आत बोलावून सांगायचं असतं, कारण घरी जेवण तो वाढणार असतो.

काय सांगायचं? बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. मधे मधे काढून रक्त थांबलं का ते बघायचं नाही, दर वेळी बघताना दाब सुटतो. लाळ गिळायची. लाळेत थेंबभर रक्त मिसळलं तरी सगळं तोंड रक्तानं भरल्यासारखं दिसतं आणि माणसं घाबरून थुंकत सुटतात. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी येणारच. बोळा काढल्यावर पुन्हा भळभळ सुरू झाली तर स्वच्छ कापडाची घडी ओली करून त्या जागी ठेवायची आणि परत अर्धा तास दाबून बसायचं. तरीही थांबलं नाही तर दवाखाना. पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, ओढून पिणं नाही. हे शेवटचं नीट समजावावं लागतं, कारण आपल्याकडे आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो आणि त्यात नळी खोचून हातात देतो. शहाळ्याचं पाणी चांगलंच आहे, पण पेल्यात ओतून. उसाच्या रसाचंही तेच. भूल उतरेपर्यंत गरम काही नको, कारण भाजलेलं कळत नाही; लहान मूल असेल तर ते बधिर ओठ चावून चावून रक्तबंबाळ करून घेतं, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तितकाच वेळ काढायचा. रात्री उशी एक जास्त.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. इथेही 'गुळण्या करा' एवढंच म्हटलं की माणूस घसा ताणून खळखळ करतो. पाणी तोंडात घ्यायचं, मान हळूच दोन्हीकडे कलती करायची, आणि बेसिनवर वाकून ते ओघळू द्यायचं. दिवसातून तीन-चार वेळा, जेवण झाल्यावर नक्की. बाकीचे दात मऊ ब्रशनं घासायचेच. तोंड तसंच घाण ठेवलं तर खड्डा चिघळतो. खायला गार झालेला तूप-भात, मुगाची खिचडी, ताक, नाचणीची आंबील, दुसऱ्या बाजूनं. आमच्या भागात पेशंटला थोडं बरं वाटलं की भडंगाची वाटी पुढे येते. ते शेंगदाणे, तीळ आणि कुरमुऱ्याचे तुकडे खड्ड्यात जाऊन बसतात, आणि मग माणूस ते काडीनं कोरायला जातो. आणि दोन दिवस ओणवं होऊन काम नाही, जड उचलणं नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी घरातल्या पुरुषांकडे बघून म्हणावं. आईनं त्या सकाळी अंगण झाडलं तेव्हा घरात तीन धडधाकट माणसं झोपलेली होती, आणि त्यात मीही होते.

या सगळ्याऐवजी काय मिळतं? अँटिबायोटिक. दाढ काढली की पाच दिवसांचा कोर्स, नियमच झाल्यासारखा. निरोगी माणसाची साधी दाढ काढल्यावर सरसकट अँटिबायोटिकची गरज नसते. कोरड्या खड्ड्याचं दुखणं त्यानं थांबत नाही, कारण ते दुखणं उघड्या हाडाचं असतं. जंतूंना मात्र त्या औषधाची सवय लागते, आणि उद्या खरी गरज पडेल तेव्हा ते चालत नाही. चार मिनिटं बोलण्याऐवजी दोन सेकंदांत औषधाचं नाव खरडणं सोपं, म्हणून ते चालू आहे. आईची तब्येत, वय, बाकीची औषधं यांची चौकशी झाली असती आणि मग दिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. चौकशी झाली नाही. ती रक्त पातळ होण्याची गोळी घेते का, हे विचारलं नाही. आणि घेत असती तर ती मनानं बंद करू नये हेही सांगितलं नसतं. घरोघरी दाढ काढायची म्हणून हृदयाच्या पेशंटची गोळी परस्पर थांबवली जाते, आणि त्यातून झटका येऊ शकतो; गोळी चालू ठेवूनही बहुतेकांची दाढ नीट काढता येते. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आज कित्येक वयस्क बायका घेतात. त्या गोळ्यांच्या गटातल्या औषधांमुळे क्वचित दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही, हे २००३ पासून वैद्यकाला माहीत आहे. त्या गोळ्या घेता का, हा प्रश्न न विचारता पन्नाशीच्या बाईची दाढ काढणं हा निष्काळजीपणा आहे, आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

शेजारच्यांनाही मी सोडणार नाही. "वरची दाढ काढू नको, नजर जाते," असं सांगणारे आमच्या आळीत पाच जण भेटले. दातांची संवेदना नेणारी नस वेगळी, नजरेची नस वेगळी. पन्नाशीनंतर दाढाही पडतात आणि नजरही कमी होते, एवढाच काय तो संबंध. खड्ड्यात लवंगेचं तेल ओता म्हणणारे, तुरटी दाबा म्हणणारे, गोळी कुटून भरा म्हणणारे भेटले. ताज्या जखमेत नुसतं लवंगतेल किंवा ॲस्पिरिनची गोळी ठेवली की मांस भाजतं.

पण सगळ्यात जास्त चीड येते ती मशेरीची. आमच्याकडे बायका तव्यावर तंबाखू भाजून, कुटून तिनं दात घासतात. एकदा घासून भागत नाही, दिवसातून चार-पाच वेळा बोट फिरतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ साली बंदी घातली. चुलीवर भाजलेल्या मशेरीपर्यंत ती बंदी कधी पोचलीच नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी २१.४ टक्के माणसं धूर न काढता तंबाखू घेत होती. आणि दाढ दुखते म्हणून मशेरी लावायची, दाढ काढली की ठणक मारायला त्याच खड्ड्यावर मशेरी दाबायची, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या आई मुलीला देत आली आहे. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, गुठळी टिकत नाही. सिगारेट आणि विडीत तर ओढणंही आलं. निदान तीन दिवस, खरं तर पुढे कायमचं, हे बंद हवं. आणि याहून गंभीर एक गोष्ट आहे. हिरडीच्या कॅन्सरनंही दाढ हलायला लागते. तंबाखू खाणाऱ्याची हलती दाढ काढली, आणि दोन-तीन आठवडे उलटून गेले तरी खड्डा भरत नाही, त्यातून मांस वर येतं, कड जाड लागते, तर नुसतं औषध बदलत बसू नये. तुकडा काढून तपासायला पाठवावा. "अजून भरलं नाही तर या" हे वाक्य न बोलल्यामुळे माणसं परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत महिन्या-दोन महिन्यांनी उशिरा उभी राहतात.

त्याचप्रमाणे तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, जिभेखाली कडक लागत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. मोठं रुग्णालय गाठायचं. त्या पुसट कागदावर ही ओळ शेवटची होती, अकरावी. सगळ्यात पुसट.

दंतवैद्यांनो, एक पान मराठीत लिहा. मोठ्या अक्षरात, तुमच्या फोन नंबरासह. भुलीच्या आधी वाचून दाखवा, आणि पेशंटला ते आपल्या शब्दांत तुम्हाला परत सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी मदतनीस मुलीकडून एक फोन करवा. आणि ज्यांना खुर्चीत बसायचं आहे त्यांनी, इंजेक्शन टोचायच्या आधी, तोंड बधिर नसताना विचारा: घरी गेल्यावर काय करायचं नाही? उत्तर समजेपर्यंत तोंड उघडू नका.

गेल्या महिन्यात समोरच्या काकूंची दाढ त्याच दवाखान्यात काढली. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि कागद मागितला. तो अजून इंग्रजीतच आहे. काकू हातात पाण्याचा तांब्या घेऊन मोरीकडे निघाल्या होत्या.